चार पावलांवर गैरहजर

कोर्टात मला सगळे भोंगा म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते पगारपत्रकापुरतंच. एकतीस वर्षं मी सात नंबरच्या न्यायालयाच्या दारात उभा राहून पुकारा करतो आहे. आत प्रकरण हाती घेतलं की हेडक्लार्क मला चिठ्ठी देतो, मी दाराबाहेर येतो आणि व्हरांड्यात पक्षकाराचं नाव तीनदा पुकारतो. माझा आवाज खाली जिन्याच्या तोंडापर्यंत, वर तिसऱ्या मजल्यापर्यंत आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो. एकदा एक पक्षकार न्हाव्याच्या खुर्चीतून उठून धावत आला होता, अर्ध्या गालाला फेस तसाच. मला माझ्या गळ्याचा गर्व होता. उगाच कशाला लपवू?

पुकाऱ्याचा नियम सोपा आहे. तीनदा नाव घ्यायचं, मध्ये एकेका श्वासाइतकं थांबायचं. माणूस आला तर आत सोडायचा. नाही आला तर वहीत त्याच्या नावापुढे 'पुकारले, गैरहजर' असं लिहून सही करायची. वही माझ्याकडे, सहीही माझी. अर्ज करणारा माणूस लागोपाठ तीन तारखांना गैरहजर राहिला तर त्याचं प्रकरण काढून टाकतात. मग तो जाणे आणि त्याचं नशीब जाणे.

व्हरांड्यात कोणी कागद पुढे करून काही विचारायला आलं की माझं एकच ठरलेलं उत्तर असे. "बसा. नाव पुकारलं की या." दिवसातून शंभर वेळा तरी मी हे म्हणत असेन. कागद मी बघत नसे. एकेकाचे कागद वाचत बसलो तर पुकारायचं कधी?

ती बाई पहिल्यांदा आली तेव्हाही मी तेच म्हणालो.

पन्नाशीच्या आसपासची, नीटनेटकी, बाहीला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. तिनं दोन्ही हातांनी कागद पुढे केला. मी बाकाकडे बोट दाखवलं, मग माझ्या गळ्याकडे दाखवलं आणि म्हणालो, "बसा. पुकारीन." तिनं माझ्या गळ्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली आणि दारापासून चार पावलांवरच्या बाकावर जाऊन बसली. अजिबात कटकट नाही. दिवसभर ती माझ्याकडे टक लावून पाहत होती. खरं सांगतो, मला वाटलं बाई माझ्या आवाजावर खूश आहे. त्या दिवशी मी जरा जास्तच खडा आवाज लावला.

संध्याकाळी फलकावर लागलेली पुढची तारीख लिहून घेऊन ती गेली, आणि दुसऱ्या तारखेला पुन्हा त्याच बाकावर. मी ओळखीचं हसलो, तीही हसली. दुपारी लोखंडी कपाट हलवायचं होतं तेव्हा मी तिला हातानं खूण केली, तिनं पटकन पाय वर घेतले. मला वाटलं, कोणाची तरी बहीण नाहीतर मावशी असेल, सोबतीला येत असेल. कोणाची, हे विचारायचं मला सुचलं नाही.

तिसऱ्या तारखेला अकरा वाजून वीस मिनिटांनी मी एक नाव तीनदा पुकारलं. कोणी आलं नाही. मी सही केली. आत प्रकरण काढून टाकलं गेलं. मग आणखी चाळीस नावं झाली, साडेपाच वाजले, मी खिडक्या लावायला बाहेर आलो. व्हरांड्यात ती एकटीच होती. उठली आणि पुन्हा तोच कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

या वेळी वाचला. सकाळी अकरा वीसला पुकारलेलं नाव.

माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "अहो बाई, होता कुठं दिवसभर? घसा फाटेपर्यंत ओरडलो की मी." ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग तिनं आपल्या कानाला बोट लावलं आणि हात हलवला, नाही म्हणून.

तीन तारखा, नऊ पुकारे, आणि ही चार पावलांवर. मी तिला म्हणालो होतो बस, ती बसली होती. मी पुकारायची ती वाट पाहत राहिली, कारण मी गळ्याकडे बोट दाखवून तसं कबूल केलं होतं. तिला ऐकू येत नाही हे मला कळलंय आणि मी स्वतः येऊन बोलावीन, अशी तिनं बहुतेक समजूत करून घेतली असावी. कोर्टात काय काय होतं, ते नवख्या माणसाला कसं कळणार?

तिनं पिशवीतून वही काढून लिहिलं, 'माझा नंबर कधी?' अक्षर गोल आणि सारखं, ओळीत बसवलेलं. मी पेन्सिल घेतली. 'तुमचं प्रकरण सकाळी संपलं' असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'उद्या या.' तिनं वाचलं, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि गेली. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

घरी जेवताना बायकोनं विचारलं, "आज आवाज बसलाय का तुमचा?"

मी सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं.

"अहो, मला बोलवायचं असतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"काय करतो?"

"भांडी घासत असते, नळ चालू असतो. तुमच्या त्या जगप्रसिद्ध गळ्याचा काही उपयोग होत नाही. मग आत येता आणि खांद्याला हात लावता. घरात एवढी अक्कल आहे, मग कोर्टात जाताना ती खुंटीला टांगून जाता का?"

माझी बायको रागावली की फार स्वच्छ बोलते.

"आता उद्या ती येणार," ती म्हणाली. "तुम्हीच लिहून दिलंय."

दुसऱ्या दिवशी ती आली. दारं उघडायच्या आधीच बाकावर हजर होती. मी तिच्या समोर जाऊन उभा राहिलो, वही मागितली आणि काय घडलं ते सगळं लिहून दिलं. माझी चूक, माझी सही, प्रकरण बंद. तिनं दोनदा वाचलं. रडली नाही. तिनं फक्त खाली लिहिलं, 'माझं मशीन जाईल.'

मग तिनं पानामागून पान लिहिलं आणि मी शेजारी बसून वाचत गेलो. ती शर्टांच्या कारखान्यात काज करायची, म्हणजे बटणांची भोकं. एकोणीस वर्षं एकाच मशीनवर. तिचं टेबल दाराच्या बाजूला होतं, तोंड सगळ्या शेडकडे. धोक्याची घंटा वाजली की तिला ऐकू येत नसे, पण समोरच्या ओळी उठलेल्या दिसत, मग तीही उठे. एकोणीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. मागच्या वर्षी नवा व्यवस्थापक आला. त्यानं मशीनं फिरवली, तिचं तोंड भिंतीकडे झालं. मग आगीच्या सरावाची घंटा वाजली. दोनशे माणसं बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली आणि ही आत एकटी काज करत राहिली. अकरा मिनिटं. मान वर केली तेव्हा मागं कोणीच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं, 'सुरक्षिततेच्या कारणास्तव सेवा समाप्त.' तिनं स्वतः अर्ज लिहून कोर्टाकडे पाठवला होता. तिला मशीन परत हवं होतं, दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

मी वही मिटली. तिथंही सगळे निघून गेले आणि ही बसून राहिली. इथंही तेच. आणि दोन्हीकडे कागदावर चूक हिचीच.

मी हेडक्लार्ककडे गेलो. हा माणूस वाईट नाही. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि आवाज खाली आणला.

"भोंग्या, एक सांगतो. तीस दिवसांत प्रकरण पुन्हा उघडायचा अर्ज करता येतो. तिला तेवढं सांग आणि बाजूला हो. वहीत सही तुझी आहे. तू मध्ये पडलास तर नोंद खोटी ठरेल, आणि नोंद खोटी ठरली तर तू खोटा ठरशील. तीन वर्षं राहिलीत तुझी. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि तिच्या मुठीत काय राहिलं?"

"ते तिचा वकील बघेल."

वकील मिळवणं सोपं नव्हतं. व्हरांड्यात मी चौघांना विचारलं. एक म्हणाला, बोलत नाही तर जबाब कसा देणार. दुसरा म्हणाला, बोलू शकणारेच पक्षकार आवरत नाहीत. शेवटी राहिला हप्तेवकील. हे नाव मीच ठेवलेलं. तरुण पोरगा, हुशार, पण बोलताना अडखळतो. एकेक वाक्य तीन तीन हप्त्यांत येतं. समोरचे वकील त्याची वाक्यं स्वतःच पुरी करून टाकतात, बहुतेक वेळा चुकीची. मी कितीतरी वेळा त्याची नक्कल करून टपरी हसवली होती. आता त्याच्यासमोर उभं राहायला मला लाज वाटत होती.

"व-व-वही दाखवा, काका," तो म्हणाला. त्यानं तिची पानं वाचली, मग पेन काढून तिच्याशी लिहून बोलायला लागला. दोघं तासभर लिहीत होते. मला जाणवलं की तासभर त्याच्यावर कोणी हसलं नव्हतं आणि तासभर ती कोणाच्या ओठांकडे ताणून बघत नव्हती.

उठताना तो मला म्हणाला, "काका, अ-अर्ज मी करतो. पण कोर्टाच्या वहीत गैरहजर लिहिलंय. त-ती हजर होती हे कोण सांगणार?"

मग मी म्हणालो, "मी."

सात नंबरला तेव्हा न्यायाधीशबाई नव्या होत्या. कडक, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याबद्दल जुनी मंडळी पाठीमागं कुजबुजत, कारण त्यांची आई याच इमारतीचे जिने झाडायची आणि हे विसरायला कोणी तयार नव्हतं. तोंडावर अर्थात सगळे वाकून असत.

अर्जाच्या दिवशी मी ठरवून काही वेगळं केलं. चिठ्ठी हातात आली, मी बाहेर आलो आणि नियमाप्रमाणे तीनदा पुकारलं. मग चार पावलं चालून तिच्या समोर गेलो, कागदावरच्या तिच्या नावावर बोट ठेवलं आणि दाराकडे हात केला. ती उठून आत गेली. एवढंसंच काम होतं. एकतीस वर्षांत मला ते कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचार केला नव्हता.

कारखान्याचा वकील भारदस्त माणूस. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, नोंद स्वच्छ आहे. तीन तारखा, नऊ पुकारे. आणि या न्यायालयाचा पुकारा कसा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्यापलीकडे ऐकू जातो. नऊ वेळा बोलावूनही जो येत नाही, त्याला न्यायाची गरज नाही असंच म्हणावं लागेल."

जन्मात पहिल्यांदा माझी स्तुती मला टोचली.

हप्तेवकील उठला. "म-मला एक सा-सा-"

"साक्षीपुरावा द्यायचा नाही असं म्हणायचंय त्यांना," कारखान्याचा वकील हसून म्हणाला.

"त्यांचं वाक्य त्यांना पुरं करू द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण खोलीतला पंखासुद्धा ऐकू यायला लागला.

"सा-साक्षीदार तपासायचा आहे. या न्यायालयाचे पु-पुकारा करणारे."

हेडक्लार्कचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. न्यायाधीशबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साक्षीदाराला बोलवा."

आता पंचाईत अशी की साक्षीदाराला बोलवायचं म्हणजे पुकारा करायचा, आणि पुकारा करणारा मीच. नियम म्हणजे नियम. मी दाराबाहेर गेलो, व्हरांड्यात उभा राहून माझं खरं नाव तीनदा पुकारलं, मध्ये एकेका श्वासाइतका थांबलो, आणि स्वतःच आत आलो. टपरीवरून दोघे तिघे बघायला आले, हे कोण बुवा नवीन म्हणून. माझं नाव त्यांना माहीतच नव्हतं.

शपथ झाली. हप्तेवकिलानं विचारायच्या आधीच न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"तिन्ही तारखांना या बाई कुठे होत्या?"

"बाहेरच्या बाकावर, बाईसाहेब. दारापासून चार पावलं. मी मोजली."

"कोणतं बाक? डावा पाय डुगडुगतो ते?"

"तेच."

त्यांनी काहीतरी लिहिलं. त्या बाकाचा डावा पाय डुगडुगतो हे खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला कळायचं कारण नाही. शाळा सुटल्यावर आईचं झाडून होईपर्यंत जी मुलगी तिथं बसत असेल, तिलाच ते माहीत असणार. मला एकदम आठवलं, एक लहान मुलगी दप्तर मांडीवर घेऊन तिथं बसायची. मी तिलाही म्हणालो असेन, पाय घे बाजूला.

"तुम्ही यांना पाहिलं होतं?"

"तिन्ही वेळा. त्यांनी मला कागदही दाखवला होता. मी वाचला नाही. म्हणालो, बसा, पुकारीन. त्या बसल्या."

"मग गैरहजर का लिहिलं?"

"वहीत दोनच रकाने आहेत, बाईसाहेब. आला, नाही आला. होती, पण मी बोलावलंच नाही, असा रकाना नाही."

कोणी हसलं नाही. कारखान्याचा वकील पुढे आला. "म्हणजे न्यायालयाच्या वहीत तुम्ही खोटी नोंद करून सही केली?"

"हो."

"एकदा नाही, तीनदा?"

"तीनदा."

"याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, हे माहीत आहे?"

"माहीत आहे. मी पुकारलं हे खरं आहे साहेब. ती गैरहजर होती हे खोटं आहे. माझा आवाज रस्त्यापलीकडे जातो असं तुम्ही म्हणालात. जात असेल. या बाईंपर्यंत चार पावलं चालून जायचं होतं, ते मी गेलो नाही."

त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या गळ्यातून काहीतरी कामाचं निघालं होतं.

न्यायाधीशबाईंनी वही मागवली. तिन्ही नोंदींवर लाल शाईनं रेघ मारली आणि शेजारी स्वतः लिहिलं, 'हजर होत्या.' प्रकरण पुन्हा उघडलं. पुढच्या तारखेपासून खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती न्यायालयाकडून मिळेल असा हुकूम झाला. आणि मला लेखी ताकीद मिळाली, एकतीस वर्षांतली पहिली. घरी नेऊन दाखवली तर बायको म्हणाली, "आणा इकडे, भिंतीवर लावते." आणि खरोखर लावली.

पुढच्या तारखेला कर्णबधिरांच्या शाळेतल्या बाई आल्या. उंच, हसऱ्या, हात सतत बोलके. काज करणारीनं त्यांना पाहिलं आणि तिचे हात जे सुटले ते थांबेचनात. तीन तारखा गप्प बसलेली हीच बाई का, असा मला प्रश्न पडला. ती विनोद सांगत होती. शाळेतल्या बाई हसून हसून बेजार.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, तुम्हाला मी नाव ठेवलंय."

"ठेवणारच. नावं ठेवण्यासारखंच वागलो मी."

"तसं नाही हो. आमच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं." त्यांनी बोटं गळ्याला लावली आणि मग हात पुढे नेत सगळी बोटं उघडली. "हे तुम्ही. आणि ह्या," असं म्हणून त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांची बारीक फट केली आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यातून घातलं, बटण काजातून जातं तसं. "ह्या अशा."

मी ती दोन्ही नावं शिकून घेतली. माझी बोटं जाड आहेत, तिला माझं काज बघून हसू आवरेना. मग मी विचारलं, पाठमोऱ्या माणसाला तुमच्यात हाक कशी मारतात. शाळेतल्या बाईंनी व्हरांड्याच्या लाकडी फळीवर पाय आपटला. काज करणारी पाठ करून उभी होती, ती लगेच वळली. फळीतून तळपायाला कळतं म्हणे. ज्या फळ्यांवर मी एकतीस वर्षं उभा होतो त्यांचा हा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

जबाब दीड दिवस चालला. ती पिंजऱ्यात उभी राहून हातांनी सांगत होती, शाळेतल्या बाई बोलत होत्या. हप्तेवकील अडखळला की बाईंचे हात हवेत थांबत, तो पुढे गेला की पुन्हा चालू होत. पहिल्या तासाला लोक चुळबुळले. दुसऱ्या तासाला सगळं न्यायालय थांबायला शिकलं होतं.

कारखान्याच्या वकिलानं विचारलं, "घंटा वाजली ती तुम्हाला ऐकू आली नाही, हे मान्य आहे?"

"मान्य आहे," हात म्हणाले. "एकोणीस वर्षं ऐकू आली नाही."

"मग उद्या खरी आग लागली तर?"

तिचे हात सावकाश चालले आणि शाळेतल्या बाईंचा आवाजही सावकाश आला. "दोनशे माणसं माझ्या पाठीमागून बाहेर गेली. त्यांना सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यांच्यातल्या एकानंही माझ्या खांद्याला हात लावला नाही. आणि धोकादायक मी?"

मी दारात उभा होतो. मला खाली बघावं लागलं.

हप्तेवकिलानं शेवटचं म्हणणं मांडलं ते अगदी थोडक्यात. लांब बोलणं त्याला परवडत नाही आणि लोकांना ते ऐकायची सवय नाही. तो म्हणाला, "ब-बाईसाहेब, माझ्या पक्षकाराचं मागणं छोटं आहे. त-त्यांचं मशीन फिरवा. त-तोंड माणसांकडे करा. बस्स."

निकालाच्या दिवशी व्हरांडा भरला होता. कारखान्यातल्या बायका दुपारची सुटी टाकून आल्या होत्या, पंधरा वीस तरी. शाळेतली चार मोठी मुलं आली होती. माझी बायकोही आली होती, ओळख न दाखवता कोपऱ्यात उभी, मी काय करतो ते बघायला. मला चिठ्ठी मिळाली. मी बाहेर आलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आता भोंगा वाजणार म्हणून.

मी तोंड उघडलंच नाही. हात वर केला, अंगठा आणि तर्जनीची फट केली आणि त्यातून बोट घातलं. एकदा, एक श्वास, दुसऱ्यांदा, एक श्वास, तिसऱ्यांदा. बाकावरून ती उठली. तिच्या मागोमाग सगळा व्हरांडा उठला.

न्यायाधीशबाईंनी निकाल वाचला, मध्ये मध्ये थांबत, शाळेतल्या बाईंच्या हातांना वेळ देत. सेवा समाप्त करणारं पत्र रद्द. पुढच्या सोमवारपासून कामावर, त्याच मशीनवर. मशीनचं तोंड शेडकडे, आणि जिथं जिथं घंटा आहे तिथं तिथं लाल दिवा, महिनाभरात. वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "या न्यायालयापुरतं आणखी एक. यापुढे गैरहजर लिहिण्याआधी पुकारा करणाऱ्यानं व्हरांड्यात फिरून प्रत्येक कागद वाचावा. वहीत तिसरा रकाना आखून घ्या."

आत टाळ्या वाजवायची परवानगी नसते. पण शाळेतल्या मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले, त्यांच्यात टाळ्या अशाच असतात. मग कारखान्यातल्या बायकांनी हात वर केले. मग हप्तेवकिलानं. आवाज कसलाच नव्हता, म्हणून शांतता पाळा असं म्हणायला हेडक्लार्कला जागाच नव्हती. थोड्या वेळानं त्यानं चष्मा काढून ठेवला आणि स्वतःचाही एक हात वर केला. मला ते दृश्य नीट दिसेना, डोळे भरून आले होते. मी पुसले नाहीत.

पण कोर्ट कोणासाठी थांबत नाही. पुढची चिठ्ठी हातात आली. मी बाहेर येऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथं एक म्हातारे गृहस्थ कागद धरून उभे होते, त्यांचा कागद वाचायला लागलो. मागं बायकांचा गलबला चालला होता, कोणी हसत होतं, कोणी रडत होतं, जिन्यावरून वकील एकमेकांना हाका मारत होते. त्या गोंगाटात माझ्याच आवाजाचा टिकाव लागला नसता.

तेवढ्यात पायाखालची फळी थरथरली. एकदा. मग एक श्वास. मग दुसऱ्यांदा. मग पुन्हा एक श्वास, आणि तिसऱ्यांदा.

मी वळलो. व्हरांड्याच्या त्या टोकाला, दाराशी, मी जिथं उभा राहतो नेमकी तिथं ती उभी होती. तिनं बोटं गळ्याला लावली आणि हात पुढे नेत सगळी उघडली. माझं नाव.

एकतीस वर्षांत मी किती हजार माणसांना पुकारलं असेल, देव जाणे. मला कोणी पुकारलं नव्हतं. एकदा पुकारलं होतं ते मीच. मी म्हाताऱ्यांचा कागद डाव्या हातात घेतला आणि उजवा हात उंच वर केला, हजर आहे म्हणून.